दहा घरांच्या ओल्या कचऱ्याचं खत: धंदा होतो का?

"सर, ओल्या कचऱ्याचं खत करून विकलं तर धंदा होईल का?" हा प्रश्न बीड, गेवराई, अंबाजोगाईकडून सारखा येतोय. वही काढा, आधी हिशोब करू.

समजा गल्लीतली दहा घरं एकत्र आली. एका घरातून रोज अर्धा किलो साली, देठं, चहाचा चोथा निघतो असं धरा. दिवसाला ५ किलो, महिन्याला १५० किलो. कुजून, पाणी उडून त्याचा साधारण पाचवा हिस्सा उरतो, म्हणजे ३० किलो खत. सुटं १५ रुपये किलोनं गेलं असं धरलं, तर हातात ४५० रुपये. यात मजुरीसुद्धा निघत नाही. शिवाय पिशवीत भरून खत म्हणून बाजारात आणायचं तर खत नियंत्रण आदेश, १९८५ चे नियम लागू होतात. म्हणून नुसत्या खतविक्रीवर दुकान उभं करू नका, हे माझं स्पष्ट मत.

मग पैसा कुठंय? सेवेत. पुण्यात 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था कचरा गोळा करायचं दरमहा शुल्क घेते आणि सोसायट्यांसाठी खत करायचं कामही करते. तुम्ही घरटी ६० रुपये ठरवले तर एका गल्लीचे ६००. रोजचं काम वीस मिनिटांचं. एकाच माणसानं सहा गल्ल्या धरल्या तर दोन तासांत महिन्याचे ३,६०० होतात. जोडधंदा म्हणून वाईट नाही!

आणि खत? ते घरांनीच वापरायचं. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघरात रोज सुमारे ३,००० कामगारांचं जेवण व्हायचं. तिथल्या केटरिंग अधिकारी प्रीती पाटील यांनी २००२ मध्ये त्याच इमारतीच्या गच्चीवर स्वयंपाकघरातल्या कचऱ्याचं खत करून भाजी आणि फळझाडं लावली. कचरा, खत, बाग एकाच जागी, म्हणजे वाहतुकीचा खर्च शून्य. आपल्याकडं गच्चीवर मेथी, पालक, कढीपत्ता, टोमॅटो आरामात येतात.

कृती अवघड नाही. भोकं पाडलेला ड्रम सावलीत, विटांवर ठेवा. एक डबा ओला कचरा पडला की वर दोन डबे कोरडा: लिंबाचा पाला, उसाचं पाचट, बारीक केलेलं सरमाड. दुकानदारांनो, खोक्यांचे पुठ्ठे फाडून टाकले तरी चालतात, फक्त चिकटपट्टी काढा. आठवड्यातून दोनदा हलवा. वास आला तर कोरडं वाढवा. आपल्या उन्हात मात्र वासापेक्षा माल सुकण्याचा त्रास जास्त. मूठभर दाबून बघा: हात ओलसर व्हायला हवा, पाणी गळायला नको. सुकलं असेल तर भाजी धुतलेलं पाणी शिंपडा, नळाचं कशाला?

खरी अडचण माणसांची असते. "आज तुमची पाळी, उद्या आमची" असं ठेवलं की लग्नसराईत ड्रमकडं कुणीच फिरकत नाही. पाळ्या लावू नका, एकच माणूस ठेवा आणि त्याला पैसे द्या. कचऱ्यात प्लास्टिक निघालं तर काय, खत घरटी सारखं वाटायचं की कुंड्या बघून, हे सुरुवातीलाच कागदावर लिहून सह्या घ्या.

पहिलं खत हातात यायला दोन-तीन महिने जातात. म्हणून शुल्क पहिल्या महिन्यापासून, आगाऊ घ्या. "खत आल्यावर देऊ" म्हणणारं घर यादीत धरू नका.