बोर्दो १९८२

बोर्दो १९८२ हा फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागातील बोर्दो प्रदेशाच्या लाल वाइनचा एक ख्यातनाम हंगाम आहे. वाइनच्या बाटलीवर छापलेले साल बाटली भरल्याचे नसून द्राक्षे खुडल्याचे असते. त्याला इंग्रजीत व्हिंटेज, तर फ्रेंचमध्ये मिलेझिम म्हणतात. विसाव्या शतकातील बोर्दोच्या उत्तम हंगामांत १९४५, १९४७, १९५९ आणि १९६१ यांच्या जोडीने १९८२ चे नाव घेतले जाते. मात्र या हंगामाचे महत्त्व केवळ चवीपुरते नाही. वाइन पिंपात असतानाच तिच्या दर्जावरून समीक्षकांमध्ये तीव्र मतभेद झाले. कोवळ्या वाइनचा घोट घेऊन तिच्या उतारवयाचे भाकीत करता येते का, हा त्या वादाचा गाभा होता आणि त्याचा निकाल लागण्यास अनेक वर्षे जावी लागली.

प्रदेश आणि द्राक्षे

गारोन आणि दोर्दोन्य या नद्या बोर्दो शहराच्या उत्तरेस एकत्र येऊन जिरोंद ही विस्तीर्ण खाडी तयार होते. या पाण्याच्या डाव्या तीरावर मेदोक आणि ग्राव्ह हे विभाग आहेत. तेथील जमीन गोट्यांची, पाण्याचा झटकन निचरा होणारी असून तीत प्रामुख्याने कॅबर्ने सोव्हिन्यों हा वाण लावतात. उजव्या तीरावरील पोमेरोल आणि सँत-एमिल्याँ येथे चिकणमाती व चुनखडीचे प्रमाण जास्त आहे; तेथे मर्लो आणि कॅबर्ने फ्राँ या वाणांना प्राधान्य मिळते. कॅबर्ने सोव्हिन्योंचे मणी लहान, जाड सालीचे आणि उशिरा पिकणारे असतात. मर्लो आधी पिकते व तिची वाइन मऊ, भरदार होते. बोर्दोची लाल वाइन साधारणपणे अशा दोन किंवा अधिक वाणांचे मिश्रण असते.

डाव्या तीरावरील शातोंची, म्हणजे द्राक्षबाग व वाइननिर्मिती एकत्र असलेल्या मळ्यांची, पाच श्रेणींतील वर्गवारी १८५५ साली झाली. पहिल्या श्रेणीत आज लाफित, लातूर, मार्गो, ओ-ब्रियों आणि मूतों-रोतशिल्ड हे पाच शातो आहेत. त्यांपैकी मूतोंला हे स्थान १९७३ मध्ये मिळाले. (शातो लातूरचा महाराष्ट्रातील लातूरशी काही संबंध नाही. फ्रेंचमध्ये ‘ला तूर’ म्हणजे बुरूज.)

१९८२ चे हवामान

बोर्दोत वेल हिवाळ्यात निष्पर्ण होऊन सुप्तावस्थेत जातो आणि वर्षाला एकच पीक देतो. त्यामुळे वसंतापासून शरदापर्यंतच्या सहा-सात महिन्यांवर सारे अवलंबून असते. १९८२ च्या जूनमध्ये हवा उष्ण आणि कोरडी असल्याने फुलोरा लवकर आणि सगळीकडे जवळजवळ एकाच वेळी आला. फुलोऱ्यात पाऊस झाला की फळधारणा बिघडते, घडात मणी लहान-मोठे राहतात. तसे काही झाले नाही. परिणामी पीक भरघोस आले. जुलै तापलेला होता, ऑगस्ट तुलनेने सौम्य गेला आणि सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पुन्हा कडक ऊन पडले. मण्यांत पाणी उतरल्यानंतर, म्हणजे मणी मऊ होऊन रंग धरू लागल्यानंतर, मिळालेल्या या उन्हाने साखर वाढली, आम्लता उतरली आणि सालीतील टॅनिन पूर्ण पिकले. सप्टेंबरच्या मध्यास तोडणी सुरू झाली.

तोडणीच्या वेळच्या उष्णतेने मात्र एक अडचण उभी केली. आंबवण्याच्या क्रियेत स्वतःची उष्णता निर्माण होते. तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या पुढे गेल्यास यीस्ट मरू लागते, साखर अर्धवट राहते आणि जिवाणूंना वाव मिळून वाइन आंबूस होण्याचा धोका असतो. ओ-ब्रियोंने १९६१ मध्ये आणि लातूरने १९६४ मध्ये थंड करता येणाऱ्या पोलादी टाक्या बसवल्या होत्या, परंतु अनेक मळ्यांकडे अशी सोय नव्हती. बोर्दो विद्यापीठातील रसायनतज्ज्ञ एमिल पेनो यांनी आधीच्या दशकांत स्वच्छता, तापमान आणि पक्व द्राक्षांची निवड यांवर सातत्याने भर दिला होता. १९८२ चे यश निसर्गाचे म्हणून सांगितले जात असले, तरी त्यात या शिकवणीचाही वाटा मोठा आहे. १९४७ च्या तशाच तप्त हंगामात अनेक वाइन टाकीतच बिघडल्या होत्या.

समीक्षकांचा वाद

बोर्दोमध्ये तोडणीनंतरच्या वसंत ऋतूत पिंपातील वाइन व्यापारी व समीक्षकांना चाखायला देतात आणि बाटल्या भरण्याच्या बऱ्याच आधी तिची विक्री होते. या पद्धतीला आँ प्रिमर म्हणतात. १९८३ च्या वसंतात चाखणाऱ्यांना जी वाइन मिळाली ती त्यांच्या ओळखीची नव्हती. कोवळी बोर्दो तोंड आवळून टाकणारी, आंबट आणि कठोर असावी, हा तोपर्यंतचा अनुभव होता. १९६१ किंवा १९७५ च्या वाइन अशाच होत्या. १९८२ ची वाइन मात्र गडद, गोडसर फळांच्या स्वादाची आणि कोवळेपणीच पिण्याजोगी लागत होती.

सॅन फ्रान्सिस्को येथील नामांकित समीक्षक रॉबर्ट फिनिगन यांना त्यात बोर्दोचा बांधा दिसला नाही. आम्लता कमी, पीक भरमसाट, म्हणून वाइन टिकणार नाही, असा त्यांचा आणि इतर काहींचा तर्क होता. मेरीलँडमधील वकील रॉबर्ट पार्कर यांनी याच्या उलट भूमिका घेतली. ते १९७८ पासून ‘द वाइन ॲडव्होकेट’ हे वार्तापत्र काढत व वाइनला शंभरपैकी गुण देत. हा हंगाम असामान्य असून त्याची वाइन दीर्घकाळ टिकेल, असे त्यांनी ठामपणे लिहिले. फिनिगन यांचा तर्क चुकीच्या पायावर उभा नव्हता, हे नोंदवायला हवे. अधिक पीक आणि कमी आम्लता ही सहसा अल्पायुषी वाइनची लक्षणे असतात. त्यांनी टॅनिनचे प्रमाण आणि पक्वता यांचा हिशेब कमी धरला.

या वादाला पैशाची बाजूही होती. १९८० मध्ये एका डॉलरला सुमारे ४ फ्रँक मिळत. १९८५ च्या सुरुवातीस हा दर १० फ्रँकांच्या आसपास गेला. अमेरिकी ग्राहकाला बोर्दो स्वस्त पडू लागली आणि पार्कर यांच्यावर विश्वास ठेवणाऱ्यांनी ती पेट्यांनी घेतली. पार्कर यांनी १९८४ मध्ये वकिली सोडली. १९७३ मधील तेलसंकट, भावांची घसरण आणि त्याच काळात गाजलेले वाइन-भेसळीचे प्रकरण यांमुळे खचलेल्या बोर्दोच्या मळेवाल्यांकडे पुन्हा पैसा आला. नव्या टाक्या, नवी ओकची पिंपे, दुय्यम माल वेगळ्या नावाने विकण्याची प्रथा यांवर तो खर्च झाला. पुढे पार्कर यांच्या पसंतीस उतरावी म्हणून वाइन बनवली जाऊ लागल्याची, मळ्यामळ्यांमधील फरक पुसट झाल्याची तक्रारही याच यशातून जन्मली. उजव्या तीरावरील सल्लागार मिशेल रोलाँ यांचे नाव या तक्रारीत वारंवार येते. बंगळूरजवळील ग्रोव्हर द्राक्षबागेचेही ते सल्लागार होते.

वाइन जुनी होताना

लाल वाइनचा रंग सालीतील अँथोसायनिन या रंगद्रव्यांमुळे येतो, तर तिचा तुरटपणा साल व बियांतील टॅनिनमुळे. बाटलीत वर्षानुवर्षे या दोन्ही प्रकारच्या रेणूंची एकमेकांशी सांगड होत जाते. रंगद्रव्य व टॅनिन यांचे मोठे समूह तयार होतात, त्यांतील काही तळाशी गाळ म्हणून बसतात. त्यामुळे जांभळट छटा जाऊन विटकरी छटा येते आणि तुरटपणा मऊ होतो. ताज्या फळांचा गंध ओसरून सुकामेवा, तंबाखू, चामडे अशा दुय्यम व तृतीय श्रेणीच्या गंधांना जागा मिळते. हे घडेपर्यंत पुरेल इतका ऐवज वाइनमध्ये मुळात असावा लागतो. १९८२ च्या वाइनमध्ये टॅनिन भरपूर होते, पण ते पिकलेल्या सालीचे असल्याने टोचत नव्हते. पिंपापाशी उभ्या असलेल्या चाखणाऱ्यांची फसगत येथेच झाली.

आस्वाद

इतक्या जुन्या बाटलीचा आस्वाद घेण्याची तयारी आदल्या दिवशीच सुरू होते. बाटली किमान एक दिवस उभी ठेवतात, म्हणजे गाळ तळाशी बसतो. चार दशकांचे बूच ठिसूळ झालेले असते. ते मळसूत्री कॉर्कस्क्रूने तुटण्याचा संभव असल्याने दोन पात्यांचे साधन बुचाच्या कडेने आत सरकवून काढतात. नंतर मेणबत्ती किंवा दिव्याच्या उजेडात बाटलीची मान धरून वाइन संथपणे डिकँटरमध्ये ओततात आणि गाळाची पहिली रेषा मानेत दिसताच थांबतात. कोवळ्या वाइनला तासन्‌तास हवा देणे उपयुक्त असले, तरी जुन्या वाइनचे गंध हवेत लवकर विरतात. म्हणून या वयाच्या नाजूक बाटल्या ओतल्यावर फार काळ ठेवत नाहीत. लातूर व मूतोंसारख्या धिप्पाड वाइन त्याला अपवाद आहेत. तापमान १६ ते १८ अंश सेल्सिअस असावे. भारतीय उन्हाळ्यातील ‘खोलीचे तापमान’ येथे अभिप्रेत नाही.

पेला एक-तृतीयांशच भरतात. तो पांढऱ्या कापडावर तिरका धरला असता मध्यभागी गर्द लाल आणि कडेला विटकरी किंवा नारिंगी कडा दिसते. कडा जितकी रुंद, तितके वय अधिक. पहिला वास पेला न हलवता घ्यावा, दुसरा हलकेच फिरवून. ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास आल्यास बुचातील ट्रायक्लोरोॲनिसोल या संयुगाने वाइन बिघडलेली असते. याचा मळ्याच्या किंवा हंगामाच्या दर्जाशी संबंध नसतो. निरोगी बाटलीत, विशेषतः डाव्या तीरावरील वाइनमध्ये, काळ्या मनुका व कॅसिस या फळांसोबत देवदाराचे लाकूड, सिगारची पेटी आणि नुकतीच तासलेली पेन्सिल यांचे गंध ओळखता येतात. उजव्या तीरावर अंजीर, आलुबुखार, ओली माती आणि भूछत्र यांकडे झुकाव असतो.

घोट जिभेवर फिरवताना आम्लता, मद्यार्क, स्वाद आणि तुरटपणा यांच्याकडे एकेक करून लक्ष देतात. भारतीय परंपरेत तुरट हा सहा रसांपैकी एक मानला जातो. आधुनिक शरीरशास्त्राच्या मते मात्र तो मुख्यतः स्पर्श आहे. टॅनिन लाळेतील प्रथिनांना बांधून ठेवते, वंगण नाहीसे होते आणि जीभ टाळूला घासते. आवळा, हिरडा किंवा अर्धे कच्चे जांभूळ खाल्लेल्याला हा अनुभव समजावून सांगावा लागत नाही. जुन्या, उत्तम बोर्दोत हा स्पर्श खरखरीत न राहता मखमलीसारखा होतो. घोट गिळल्यानंतर स्वाद किती काळ रेंगाळतो, ही चाखणाऱ्यांची आवडती कसोटी आहे.

सर्व १९८२ सारख्याच नाहीत. पिशों-लाँगव्हिल कोंतेस द लालांदमध्ये मर्लोचे प्रमाण मेदोकच्या मानाने बरेच असते. तिची १९८२ ची वाइन पहिल्यापासूनच रेशमी होती. लातूर आणि लेओव्हिल-लास-काझ अनेक वर्षे मिटूनच राहिल्या. ग्रुओ-लारोझ रांगडी, चामड्याच्या गंधाची आहे. मूतोंला पार्कर यांनी पूर्ण शंभर गुण दिले. तिच्या लेबलावरचे चित्र अमेरिकी चित्रपट दिग्दर्शक जॉन ह्यूस्टन यांनी काढलेले आहे. मार्गो व ग्राव्ह विभागांचे यश तुलनेने असमान राहिले. छोट्या, स्वस्त मळ्यांच्या बहुतेक वाइन केव्हाच उतरल्या असून त्या आता कुतूहलापुरत्याच उरल्या आहेत.

चाखण्याची विश्वासार्हता

गंधांच्या अशा याद्या कितपत खऱ्या, याविषयी शंका घेण्यास जागा आहे. जिल मोरो, फ्रेदेरिक ब्रोशे आणि देनी द्युबुर्दियू यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात बोर्दो विद्यापीठात वाइनशास्त्र शिकणाऱ्या ५४ जणांना पांढरी वाइन आणि तीच वाइन गंधहीन लाल रंग घालून दिली. रंगवलेल्या वाइनचे वर्णन त्यांनी लाल वाइनच्या शब्दांत केले. डोळ्यांनी नाकाला आधीच उत्तर सांगितले होते. रंग जर एवढे करू शकतो, तर ‘१९८२’ हा आकडा किती करील, असा प्रश्न साहजिकच येतो. म्हणून गंभीर चाखणीत बाटल्या कापडात गुंडाळून ठेवतात. अशा चाखणीत नामांकित बाटल्या मागे पडल्याची उदाहरणे असली, तरी निरोगी आणि थंडाव्यात नीट साठवलेल्या १९८२ च्या प्रमुख वाइन लेबल झाकूनही वरच्या क्रमांकावर येत राहिल्या आहेत. साठवण बिघडलेली बाटली मात्र त्याच पेटीतील असूनही वेगळीच लागते.

बाजार आणि बनावट बाटल्या

हाँगकाँगने २००८ मध्ये वाइनवरील कर रद्द केल्यानंतर आशियातील मागणी झपाट्याने वाढली. लाफित १९८२ चे भाव २०१०-११ च्या सुमारास शिखरावर पोहोचून नंतर घसरले. भावांबरोबर बनावट बाटल्याही वाढल्या. पोमेरोलमधील ल पँ या अत्यंत लहान मळ्याच्या १९८२ च्या मोठ्या बाटल्या २००७ मध्ये लॉस एंजेलिस येथील लिलावातून मागे घ्याव्या लागल्या. त्या विक्रीस ठेवणारा रूडी कुर्नियावान याला २०१२ मध्ये अटक झाली. जुन्या वाइनची नक्कल घरी तयार करून विकल्याबद्दल २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात त्याच्यावरील दोष सिद्ध झाला आणि २०१४ मध्ये त्याला दहा वर्षांच्या कारावासाची शिक्षा सुनावण्यात आली.

त्यामुळे खरेदीदार आता लेबलाच्या कागदाबरोबरच बुचावरील शिक्का, बाटलीतील वाइनची पातळी आणि बाटली कोणाकडून कोणाकडे गेली याची कागदपत्रे तपासतात. चाळीस वर्षांच्या बाटलीत पातळी मानेच्या तळापर्यंत उतरणे नैसर्गिक आहे. खांद्याच्याही खाली गेल्यास बुचातून हवा शिरल्याची शक्यता असते. रिकाम्या अस्सल बाटल्यांनाही गिऱ्हाईक असल्याने काही चाखणीसभांत शेवटचा घोट संपल्यावर बाटली फोडून टाकतात किंवा तिचे लेबल खराब करतात.