केळीचा चीक आणि विळीचं पातं

माझं माहेर यावल तालुक्यातलं, सासर धुळ्याचं. लग्नात आलेली पितळी भांडी कधीच मोडीत गेली, विळी मात्र चौतीस वर्षांनंतरही रोज चालते. लोखंडी पातं झिजून दोन बोटं उरलंय, पण त्यावर तांबड्या गंजाचा ठिपका नाही. हे आजीने लावलेलं वळण.

माहेरी केळीचे वेफर्स घरीच व्हायचे. काप किसणीवर पडत, पण कच्ची केळी सोलायची ती विळीवर. बसण्याआधी आजी तळहातांना आणि पात्याला तेलाचं बोट लावायची. केळीचा चीक पाण्याने निघत नाही, तेलाने सुटतो. म्हणून काम झाल्यावरही आधी तेल, मग साबण, मग लगेच कोरडं फडकं. आम्ही पोरी विळी मोरीत टाकून खेळायला पळालो, की ती ओरडायची, "लोखंडाले लोहारानं पाजलं तेवढं पानी पुरे!"

त्या बोलण्यातलं शास्त्र मला फार पुढे कळलं. लोहार तापवून लाल झालेलं पातं पाण्यात बुडवतो, त्याने पोलाद कडक होतं आणि धार टिकते. मोरीतलं पाणी नेमकं उलटं करतं. ओल आणि हवा मिळाली की गंज धरतो, तो पोकळ असल्यामुळे आणखी ओल धरून ठेवतो आणि पातं आतून खात जातो. सुरी बिघडते ती कापताना नव्हे, कापून झाल्यावरच्या पहिल्या दहा मिनिटांत. भाजी फोडणीला टाकायच्या आधी पातं पुसा, एवढं एकच मी सुनेला पुन्हा पुन्हा सांगते.

केळीने पात्यावर येणारा निळसर काळा डाग हा मात्र गंज नाही. केळीतलं तुरट द्रव्य लोखंडाशी मिळून तो रंग होतो. हिरडा आणि हिराकस यांची काळी शाई पूर्वी याच गुणावर करत. तो डाग बिनधास्त राहू द्या, त्याच्याखाली पात्याला थोडं संरक्षणच मिळतं. तांबडा गंज दिसला तर लिंबाच्या फोडीवर मीठ घेऊन किंवा चाळलेल्या राखेने घासा, धुवा, पुसा आणि खोबरेल तेलाचा हात फिरवा. त्यासाठी करडईचं तेल वापरू नका, ते वाळून चिकट बसतं.

"स्टीलच्या सुरीला काय होतंय?" असं सून म्हणते. होतं. 1913 मध्ये इंग्लंडातल्या शेफील्डमध्ये हॅरी ब्रियर्लीने न गंजणारं पोलाद केलं. अशा पोलादात निदान साडेदहा टक्के क्रोमियम असतं, त्याचा डोळ्यांना न दिसणारा थर पात्याला झाकतो. पण मीठ तो थर भेदतं. लोणच्याच्या कैऱ्या फोडून खारट सुरी रात्रभर तशीच ठेवली, तर सकाळी टाचणीच्या टोकाएवढे खड्डे दिसतात. ते घासून जात नाहीत.

धारेचं माप मी कांद्याच्या पातीवर घेते. जळगावच्या भरिताच्या वांग्याला आणि केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण हिवाळ्यात कापसाच्या पऱ्हाटीवर तीच वांगी भाजून लाकडी बडजीत कुटली, तरी वर पडणारी पात बोथट सुरीने चिरली असेल तर ती चेंगरून पाणी सोडते आणि भरिताची चव जाते. शिवाय बोथट सुरीवर जोर द्यावा लागतो, ती घसरते आणि बोट कापतं. ताज्या धारेने मला इतक्या वर्षांत एकदाही खोल जखम झालेली नाही.

कडाप्प्याच्या ओट्यावर थेट चिरलं की धार आठवड्यात जाते. लाकडी पाट घ्या. अधूनमधून चिनी मातीचा कप उपडा करून त्याच्या बुडाच्या खरखरीत कडेवर पातं तिरकं धरून सात-आठ वेळा ओढा, दोन्ही बाजूंनी सारखं. तेवढ्याने महिनाभर निभावतं. मग मात्र सायकलवर चाक बसवून गल्लीत येणाऱ्या धारवाल्याची वाट बघायची. त्याच्याजवळ उभं राहा आणि पातं मधूनमधून पाण्यात बुडवायला सांगा. घर्षणाच्या उष्णतेने कड निळी पडली, की तिचं पाणी उतरलं समजा, मग ती धार चार दिवसही टिकत नाही.

आमच्याकडे येणारे धारवाले चाचा आता थकलेत, वर्षातून दोनदाच येतात. वैशाखात, कैऱ्या बाजारात आल्या, की मी विळी फडक्यात गुंडाळून दाराशी काढून ठेवते.