गोंगाटाची मदत

अंधार पडला की आपोआप लागणारा दिवा विद्यार्थी विज्ञान प्रदर्शनासाठी तयार करतात. पुष्कळदा संधिप्रकाशात तो नीट लागत नाही, नुसता लुकलुकत राहतो. असे का होते?

प्रकाश-संवेदकाकडून येणाऱ्या विद्युतदाबात बारीक, अनियमित चढउतार असतात. त्यांना 'गोंगाट' म्हणतात. दाब ठरावीक उंबरठ्याजवळ आला, की गोंगाटामुळे तो उंबरठा पुनःपुन्हा ओलांडला जातो.

यावरील उपाय अमेरिकी शास्त्रज्ञ ऑटो श्मिट यांनी १९३८ मध्ये प्रसिद्ध केला. 'श्मिट ट्रिगर' या मंडलाला दोन उंबरठे असतात. समजा, दाब ३ व्होल्टच्या वर गेला की मंडल स्थिती बदलते. परंतु पूर्वस्थितीत येते ते दाब २ व्होल्टच्या खाली गेल्यावरच. मग एक व्होल्टहून लहान चढउतारांनी दिवा लुकलुकत नाही. येथे आदान वाढेल त्या प्रमाणात प्रदान वाढत नाही, ते एकदम उडी घेते. म्हणून हे मंडल 'अरेषीय' होय.

पण मग एक व्होल्टहून क्षीण असलेला खरा संदेशही मंडलाला कळणार नाही! फोव्ह आणि एस्लो या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये अशाच मंडलाला क्षीण, नियतकालिक संदेश दिला आणि सोबत गोंगाट वाढवत नेला. एका मर्यादेपर्यंत प्रदानातील संदेश अधिक स्पष्ट झाला. या परिणामाला 'स्टोकॅस्टिक रेझोनन्स' म्हणतात.

हे वर्गात एका फाशाने दाखवता येईल. संदेश म्हणून २ आणि ४ हे अंक आलटूनपालटून घ्या. उंबरठा ७ माना. नुसता संदेश तेथे कधीच पोचत नाही. आता दर वेळी फासा टाकून पडलेले दान संदेशात मिळवा. बेरीज ७ किंवा अधिक आली, तर फळ्यावर खूण करा. संदेश ४ असताना ३ ते ६ यांपैकी कोणतेही दान चालते. २ असताना फक्त ५ किंवा ६. प्रत्येकी तीस फेकींत सुमारे वीस आणि दहा खुणा होतील. लपलेला फरक दिसू लागला!

दान दसपट करून मिळवले, तर प्रत्येक फेकीला खूण होईल. एक दशांश केले, तर एकही होणार नाही. म्हणजे गोंगाट बेताचाच हवा. शिवाय उंबरठाच नसलेल्या साध्या रेषीय वर्धकात गोंगाट मिसळला, तर संदेश बिघडतोच.

विद्यार्थ्यांना आणखी एक विचारा : एकाच फेकीवरून संदेश २ होता की ४, हे सांगता येईल का?