बोरिवलीच्या जंगलातून कान्हेरीकडे : सहकुटुंब जाणाऱ्यांसाठी

मुंबईत राहून कान्हेरी पाहिली नाही असा बौद्ध माणूस विरळा, असे आपण म्हणतो खरे. परंतु वस्तीत फिरून चौकशी केली की चित्र निराळे दिसते. शाळेच्या सहलीबरोबर जाऊन आलेली मुले भेटतात, मंडळाबरोबर गेलेले तरुण भेटतात. पण घरातली आजी, आई, सहा दिवस राबणारा बाप आणि मुले अशी सगळी मिळून लेणी पाहून आली, असे घर क्वचितच आढळते. यात कोणाचा आळस नाही. आठवड्यातून एक सुट्टी, तीही ओव्हरटाइम नसला तर. त्या एका दिवशी पाण्याचे, रेशनचे, लग्नाचे, बारशाचे सारे उरकायचे असते. त्यातून एखादा दिवस काढला आणि तो रांगेत उभे राहण्यातच गेला, तर पुन्हा जाऊ या असे म्हणायला त्या घराला दोन वर्षे लागतात. म्हणून जाण्याआधी अर्धा तास बसून नीट बेत आखणे आम्हाला महत्त्वाचे वाटते.

पहिली गोष्ट वाराची. कान्हेरीची लेणी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या पोटात आहेत आणि उद्यान सोमवारी बंद असते. ज्यांची सुट्टी रविवारी, त्यांना याचे काही वाटत नाही. परंतु आपल्यापैकी कितीतरी जण अशा दुकानांत, बाजारांत, सलूनमध्ये कामाला आहेत की त्यांची साप्ताहिक सुट्टी नेमकी सोमवारीच येते. अशा घरांनी सोमवारचा विचारच सोडावा आणि एखाद्या बदली रजेची आधीपासून तजवीज करावी. गावाकडची पाहुणेमंडळी ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येतात आणि एक-दोन दिवस राहून "कान्हेरी दाखवा" म्हणतात. त्या वेळीही आधी कॅलेंडर पाहावे. विदर्भ-मराठवाड्यातून आलेल्या वृद्ध माणसाला बंद फाटकावरून परत आणणे फार जिवावर येते.

ज्यांना रविवारशिवाय गत्यंतर नाही, त्यांनी गर्दी गृहीत धरूनच निघावे. हे जंगल सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे. त्याच्या एका अंगाला मुंबई आणि दुसऱ्या अंगाला ठाणे. सव्वा कोटीहून अधिक वस्तीच्या शहराला असे दुसरे रान नाही. त्यामुळे रविवारी सगळे इथेच लोटतात. सर्वांत जास्त दाटी असते ती पावसाळ्यातल्या रविवारी आणि १५ ऑगस्टच्या आसपास. धबधब्यांच्या ओढीने तरुणांची झुंबड उडते. महाशिवरात्रीलाही गर्दी असते. वैशाख पौर्णिमेला आपले लोक येतात. त्या दिवशी जाऊ नका असे आम्ही म्हणणार नाही, पण लहान मूल आणि गुडघे दुखणारी आजी बरोबर असेल तर त्यांना वेगळ्या दिवशी न्यावे. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. एप्रिल-मे मध्ये उघड्या खडकावर दुपारी पाय ठेवत नाही.

रविवारचा आणखी एक शत्रू म्हणजे मेगाब्लॉक. मध्य आणि हार्बर मार्गावर तो बहुतेक दर रविवारी असतो, पश्चिम रेल्वेवरही अधूनमधून जम्बोब्लॉक असतो. शनिवारच्या वर्तमानपत्रात त्याच्या वेळा येतात, त्या वाचूनच घर सोडावे. कुर्ला, घाटकोपर, कल्याण, अंबरनाथकडच्या मंडळींनी ब्लॉक सुरू होण्याआधीच दादर गाठून गाडी बदललेली बरी. बोरिवली स्थानकाच्या पूर्वेला उतरले की फाटक दूर नाही. रिक्षाने जाता येते, मोठी माणसे चालतही जातात. दहिसर ते गुंदवली मार्गावरच्या मेट्रोला राष्ट्रीय उद्यानाच्या नावाचे स्थानकच आहे. अंधेरी-जोगेश्वरीकडून येणाऱ्यांना ते सोयीचे.

आता फाटकावरचे. इथे बरेच जण फसतात. फाटकाचे तिकीट काढले म्हणजे लेण्यांचे झाले, असे नाही. उद्यानाचे तिकीट वेगळे, आतल्या बसचे वेगळे आणि लेणी पुरातत्त्व खात्याकडे असल्यामुळे त्यांचे तिकीट आणखी वेगळे. लेण्यांच्या तिकिटाला १५ वर्षांखालील मुलांना माफी आहे, हे लक्षात ठेवावे. चार-पाच घरांनी मिळून जाण्याचा बेत असेल तर आदल्या रात्रीच माणशी वर्गणी गोळा करावी, सुटे पैसे एकाच्या हाती द्यावेत आणि दोघांनी दोन खिडक्यांवर उभे राहावे. चाळीस जणांचा जथा मात्र नको. फाटकापासून लेणी सहा-सात किलोमीटर आत आहेत, आणि एवढी माणसे एका बसमध्ये मावत नाहीत. मग निम्मे वर, निम्मे खाली. शिजवलेला भात एकीकडे आणि वरण दुसरीकडे, असा प्रकार होतो. दहा-बाराचा गट पुरे. सकाळी आठच्या सुमारास फाटकावर पोहोचलात तर बसची रांग बेताची असते. अकरानंतर याल तर एक-दीड तास उन्हात उभे राहण्याची तयारी ठेवा. वाघ-सिंहांची सफारी आणि लेणी अशी दोन्ही कामे गर्दीच्या दिवशी एकत्र करू नयेत. मुले हट्ट धरतील, त्यांना दुसरा दिवस कबूल करावा. आमचे मत विचाराल तर आधी लेणी.

शिदोरीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण सहलीची खरी मजुरी तिथे पडते. घरची बाई पहाटे तीनला उठून पन्नास पोळ्या लाटणार आणि दिवसभर पेंगत राहणार, तर ती सहल तिची नव्हेच. भाकरी एका घरी, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी दुसऱ्या घरी, उकडलेली अंडी तिसऱ्या घरी, आणि कांदे चिरण्यापासून डबे भरण्यापर्यंतचे काम पुरुषांनी करावे. डबे स्टीलचे आणि घट्ट झाकणाचे हवेत. प्लॅस्टिकच्या पिशव्यांना महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे, आणि तेवढ्याच मोठ्या दुसऱ्या कारणासाठीही त्या नकोत: माकडे. कान्हेरीच्या पायऱ्यांवरची माकडे पिशवीचा आवाज ओळखतात. केळी हातात धरून चालणाऱ्या लेकराच्या अंगावर ती धावून येतात. खाणे त्यांना देऊ नये, त्यांच्यादेखत उघडूही नये, आणि हिसकावलेच तर ओढाताण न करता सोडून द्यावे. माकड चावले तर इंजेक्शनांसाठी इस्पितळाच्या खेपा कराव्या लागतात. लेण्यांच्या वाटेवर पाड्यांवरच्या आदिवासी भगिनी काकड्या, पेरू, चिंचा घेऊन बसतात. त्यांच्याकडून जरूर घ्यावे. आपणही कष्ट करून खाणारी माणसे आहोत. एका काकडीसाठी त्यांच्याशी घासाघीस शोभत नाही.

पाणी मात्र घरूनच न्यावे, माणशी दीड-दोन लिटर. पाण्याचा विषय निघाला की सहलीला निघालेल्या बौद्ध माणसाला दौलताबाद आठवल्याशिवाय राहत नाही. १९३४ साली चळवळीतल्या सहकाऱ्यांनी बाबासाहेबांना सोबत येण्याची गळ घातली आणि वेरूळची बौद्ध लेणी पाहायची म्हणून सुमारे तीस जणांची मंडळी निघाली. वाटेत अपमान नको म्हणून आपण कोण हे उघड न करता प्रवास करायचे ठरले होते. दौलताबादच्या किल्ल्याशी आल्यावर धुळीने माखलेल्या काही जणांनी तिथल्या टाक्यात हातपाय धुतले. एवढ्यावरून टाके बाटवले म्हणून आरडाओरडा झाला, शिवीगाळ झाली, आणि पुढे किल्ला पाहताना कुठे पाण्याला शिवू नये म्हणून हत्यारी शिपाई बरोबर देण्यात आला. बाबासाहेबांनी हा प्रसंग 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या आठवणींत स्वतः लिहून ठेवला आहे. जाण्यापूर्वी रात्री मुलांना तो जरूर सांगावा. आई-बापाचा हात धरून तिकीट काढून आत जाणे, टाक्यापाशी उभे राहणे, हे आपल्या आजोबा-पणजोबांना किती अवघड होते ते त्यांना कळू द्या.

कारण कान्हेरीत पाहण्यासारखे काय, तर मूर्तींइतकेच पाणी. शंभराहून अधिक लेणी एका काळ्या डोंगरात खोदली आहेत. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या आसपास काम सुरू झाले आणि जवळजवळ हजार वर्षे भिक्खूंची वस्ती इथे राहिली. एवढ्या माणसांना आठ महिने पाणी कुठून मिळाले? लेण्यांच्या अंगणाकडे नीट पाहा. बहुतेक ठिकाणी खडकात खोदलेले टाके दिसेल, आणि डोंगराच्या उतारावर बारीक पन्हळी कोरलेल्या दिसतील. पावसाचे पाणी त्या पन्हळींतून वाहत टाक्यांत साठत असे. शिलालेखांत या टाक्यांना पोढी म्हटले आहे आणि ती दान देणाऱ्यांची नावे कोरली आहेत. ही नावे राजांचीच आहेत असे नाही. कल्याणचे, सोपाऱ्याचे व्यापारी आहेत, जवाहिरे आहेत, लोहार आहे, भिक्खुणी आहेत. ज्या कल्याण-नालासोपाऱ्याच्या लोकलला लटकून आपण कामाला जातो, त्याच गावांतल्या कारागिरांनी दोन हजार वर्षांपूर्वी इथे पाणी आणि निवारा दिला, हे मुलांना तिथेच उभे राहून सांगता येते. ते पाणी आज पिऊ नये, त्यात हात घालून खेळू नये. टाकी खोल आहेत आणि कडा शेवाळलेल्या असतात.

सगळी लेणी एका दिवसात होत नाहीत. तसा हट्टही धरू नये. खालच्या पायऱ्या चढल्या की लगेच तिसऱ्या क्रमांकाचे चैत्यगृह येते. आजी-आजोबांनी एवढे पाहिले तरी त्यांचे येणे सार्थकी लागले. सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळातले हे काम. ओसरीच्या दोन्ही टोकांना तथागतांच्या दोन प्रचंड उभ्या मूर्ती आहेत, वीस फुटांहून उंच. आत ३४ खांब आणि शेवटी स्तूप. वृद्धांना इथे सावलीत बसवून, एकाला सोबत ठेवून बाकीच्यांनी वर जावे. अकराव्या लेण्याला दरबार म्हणतात. तिथे मधोमध दगडाचे दोन लांब, बुटके ओटे आहेत, जणू आपल्या सामूहिक भोजनाच्या पंगतीसाठीच केलेले. एकेचाळिसाव्यात अकरा मस्तकांचा अवलोकितेश्वर आहे. नव्वदाव्यात पहलवी लिपीतले लेख आहेत. सन १००९ आणि १०२१ मध्ये पारशी प्रवासी इथे येऊन आपली नावे कोरून गेले. हे ऐकून एखादा चिरंजीव खिशातून खिळा काढेल. त्याचा कान तिथेच धरावा. खडूने, कोळशाने, खिळ्याने लिहिलेली बदाम-बाणांची नावे भिंतींवर पुष्कळ आहेत, त्यांत आपली भर नको.

याच ओघात आपल्या लोकांनाही एक स्पष्ट सांगतो, रागावू नका. लेण्यांत मेणबत्त्या आणि अगरबत्त्या लावण्याचा आग्रह सोडावा. काजळीने दगड काळा पडतो. चौतिसाव्या लेण्याच्या छतावर चित्राचे अर्धवट अवशेष उरले आहेत, धुराने तेही जातील. मूर्तीला हात लावून फोटो काढणे, तिच्या मांडीवर बाळ बसवणे हेही नको. वंदना घ्यायची तर चैत्यासमोर उभे राहून त्रिशरण-पंचशील हळू आवाजात म्हणावे. घुमटाकार छतामुळे तो आवाज असा घुमतो की ध्वनिक्षेपकाची गरज भासत नाही.

उतरणीची वेळ चारच्या पुढे नेऊ नये. शेवटच्या बसगाड्यांना सकाळपेक्षा मोठी रांग असते, आणि हे बिबट्यांचे जंगल आहे. दिवसा माणसांच्या वर्दळीत ते दिसत नाहीत, पण तिन्हीसांजेला लहान मुलांना एकटे झुडपाआड पाठवू नये. लघवीला नेताना मोठ्या माणसाने बरोबर उभे राहावे, मुलांनी कलकलाट केला तरी चालेल. पायी उतरायचे असेल तर तीनलाच निघावे आणि डांबरी रस्ता सोडू नये. बसमध्ये चढण्यापूर्वी डोकी मोजावीत, डबे मोजावेत. पाण्याची एक बाटली लोकलच्या परतीच्या प्रवासासाठी राखून ठेवावी. रविवारी संध्याकाळी बोरिवलीहून दादरपर्यंत बसायला जागा मिळेलच असे नाही.