भाऊबीज ते होळी : झाडीपट्टीचा नाट्यहंगाम

भाऊबीज झाली की पूर्व विदर्भात नाटकांचा हंगाम उघडतो, तो होळीपर्यंत चालतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांच्या झाडीपट्टीत, वैनगंगेच्या दोन्ही काठांवर, या दिवसांत कुठे ना कुठे रोज रात्री पडदा वर जातो. नाटक रात्री नऊ-दहाला सुरू होते आणि पहाटे संपते. त्यात गाणी असतात, नाच असतो, डोळ्यांतून पाणी काढणारे प्रसंग असतात आणि हसवून हसवून बेजार करणारा एक विनोदी नट तर असतोच असतो. नाट्यगृह म्हणावे अशी इमारत मात्र यातल्या बहुतेक गावांत नाही.

मराठी नाटकाला प्रेक्षक मिळत नाही, ही चिंता आपण शहरांत वर्षानुवर्षे ऐकत आलो. झाडीपट्टीत तिकीट काढून रात्रभर थंडीत बसणारा प्रेक्षक शंभराहून अधिक वर्षे टिकून आहे. याचे श्रेय नुसत्या नाट्यवेडाला देऊन चालणार नाही. इथे नाटक हा गावाने आपल्या सोयऱ्याधायऱ्यांना दिलेला पाहुणचार आहे, आणि पाहुणचारात कसूर होऊ द्यायची नाही ही गावाची रीत आहे.

धान घरात, नाटक दारात

हा मुलूख जंगलाचा, तलावांचा आणि भाताचा. मालगुजारांच्या काळात बांधलेल्या तलावांवर, म्हणजे आजच्या ‘मामा तलावां’वर, इथली धानशेती पिढ्यान्‌पिढ्या उभी आहे. हलके धान दिवाळीच्या आसपास कापणीला येते, भारी धान त्यानंतर. पावसाळाभर चिखलात वाकलेल्या माणसाला याच दिवसांत थोडी उसंत मिळते आणि हातात चार पैसे येतात. नाटकांचा हंगाम या वेळापत्रकाला बांधलेला आहे. ज्या वर्षी पाऊस दगा देतो, त्या वर्षी नाटकांच्या तारखाही कमी होतात.

दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते. मंडई म्हणजे एका दिवसाची जत्राच. दुकाने लागतात, पाळणे येतात, लेकी माहेरी येतात आणि जावई, व्याही, मामा-भाचे जमतात. दिवसा दंडार रंगते. दंडार हा इथला जुना लोकनाट्यप्रकार. टाळ-ढोलकीच्या साथीने नाच, गाणी आणि सोंगे यांतून ती उभी राहते. खडी गंमत हा लोकनाट्यप्रकारही याच मातीतला. संगीत नाटक इथे पोहोचले तेव्हा गाण्याने गोष्ट सांगणे आणि सोंगाने हसवणे ही दोन्ही कामे गावाला आधीपासून येत होती. त्यामुळे नाटक इथे परके राहिले नाही.

थंडी वाढली की शंकरपट सुरू होतात. दिवसा बैलजोड्यांची शर्यत आणि रात्री नाटक, ही जोडी जुनी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली, तेव्हा पटाच्या निमित्ताने होणाऱ्या नाटकांनाही झळ लागली. डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना पुन्हा परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने महाराष्ट्राचा कायदा वैध ठरवला. पट परतले, तशा पटाच्या रात्रीही परतल्या.

गाव हाच निर्माता

शहरात निर्माता नाटक उभे करतो आणि प्रेक्षकाची वाट पाहतो. झाडीपट्टीत गावातले तरुण एकत्र येऊन मंडळ स्थापन करतात, नाट्यकंपनीशी बोलणी करतात, रक्कम ठरवतात आणि तारीख धरतात. शामियाना, जनरेटर, तिकीटविक्री, कलाकारांचे जेवण, बंदोबस्त अशी सगळी जबाबदारी या मंडळाची. भाड्याच्या जीपवर भोंगा लावून पंचक्रोशीत पुकारा होतो. पुढे खुर्च्या आणि मागे जमिनीवरची बैठक, असे तिकिटाचे दर लागतात. नफा झाला तर तो देवळाच्या, शाळेच्या किंवा गावाच्या एखाद्या कामाला जातो. तोटा झाला तर तो मंडळातली पोरे आपसांत वाटून घेतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा उभी राहतात. मोठ्या गावात एकाच रात्री दोन-तीन मंडळांची नाटके लागतात, तेव्हा तर गावात चुरस पेटते.

पूर्वी नटही गावचेच असत. पावसाळा सरता सरता तालमी सुरू व्हायच्या. शेतकरी, शिक्षक, सुतार, दुकानदार रात्री कंदिलाच्या उजेडात संवाद पाठ करायचे. स्त्रीभूमिका पुरुष करत. पुढे स्त्री-कलाकार बाहेरून बोलावण्याची पद्धत पडली, मग वादक बाहेरून येऊ लागले आणि हळूहळू सगळा संचच कंपनीकडून घेण्याची चाल रुळली. तरीही गावकऱ्यांनी स्वतः उभे राहून केलेले नाटक पूर्ण बंद पडलेले नाही. शेजारच्या घरातला माणूस राजा होऊन समोर येतो, तेव्हा टाळ्या जास्तच पडतात.

आमंत्रण हा या सगळ्याचा कणा आहे. ‘आमच्या गावी नाटक आहे, या’ असा निरोप गेला की पाहुण्यांनी घर भरते. दोन वेळचे जेवण, गप्पा आणि रात्री सगळ्यांनी मिळून नाटकाला जाणे. लग्नाच्या वयाची मुले-मुली याच दिवसांत नजरेस पडतात आणि पुढच्या उन्हाळ्यातल्या कित्येक सोयरिकींची पहिली बोलणी इथेच होतात. म्हणून नाटक न लागलेल्या वर्षी गावाला चुकल्यासारखे वाटते.

हसवणारा आणि गाणारा

सहा-सात तास जागवायचे, तर नाटकाची रचनाही तशीच हवी. कथा बहुधा कौटुंबिक किंवा सामाजिक असते. सासू-सून, हुंडा, दारू, जमिनीचा तंटा, कर्जात बुडालेला शेतकरी. नायक-नायिकेचे दुःख चढत जाते आणि मधेच विनोदी पात्र येऊन प्रेक्षकांना मोकळे करते. गंभीर पात्रे पुस्तकी मराठी बोलतात. विनोदी नट मात्र इथल्या झाडीबोलीत बोलतो आणि समोरची माणसे त्याला तत्काळ आपला मानतात. त्याचे संवाद संहितेत थोडे असतात. बाकीचे तो त्या रात्री, त्या गावातल्या घडामोडी पाहून जागच्या जागी रचतो.

गाण्याचेही तसेच. रंगमंचासमोर ऑर्गन आणि तबला घेऊन वादक बसतात. अलीकडे ऑक्टोपॅडही त्यांच्या जोडीला आला आहे. नट स्वतः गातो, ध्वनिमुद्रित गाण्यावर ओठ हलवत नाही. आवडलेल्या पदाला ‘वन्स मोअर’ मिळतो. खूश झालेला प्रेक्षक बक्षीस पाठवतो आणि त्याचे नाव ध्वनिक्षेपकावरून जाहीर होते. रंगवलेले पडदे बदलेपर्यंत पुढच्या पडद्यासमोर नाच किंवा विनोदी प्रवेश चालू राहतो, त्यामुळे रंगमंच क्षणभरही रिकामा पडत नाही.

या परंपरेतल्या एका विनोदी नटाची देशाने दखल घेतली. गडचिरोली जिल्ह्यातले डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री जाहीर झाली. शेती सांभाळून त्यांनी पाच हजारांहून अधिक प्रयोग केले. ‘झाडीपट्टीचे दादा कोंडके’ म्हणून लोक त्यांना ओळखतात. ‘एकच प्याला’, ‘लग्नाची बेडी’ यांसारखी जुनी नाटके त्यांच्या वाटचालीत आहेत, तशीच ‘मरीमायचा भुत्या’सारखी या मातीतली नाटकेही आहेत. गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ १९१९ साली गंधर्व नाटक मंडळीने रंगमंचावर आणले आणि अत्र्यांची ‘बेडी’ १९३६ची. शहरांनी ही नाटके अभ्यासक्रमात नेऊन ठेवली, झाडीपट्टीने ती धानाच्या बांध्यांमध्ये जागती ठेवली.

वडसा, नाटकवाल्यांची पेठ

या हंगामाचा कारभार चालतो गडचिरोली जिल्ह्यातल्या देसाईगंजातून. लोक त्याला वडसा म्हणतात. गोंदिया-बल्लारशा रेल्वेमार्गावरचे हे स्थानक, वैनगंगेपलीकडे ब्रह्मपुरी. चारही जिल्ह्यांना जवळ पडणारे ठिकाण म्हणून कंपन्यांनी इथे बिऱ्हाड केले. हंगाम जवळ आला की रस्त्याच्या कडेला नाट्यकंपन्यांच्या कार्यालयांवर रंगीत फलक झळकतात. गावोगावची मंडळे येतात, नाटक कोणते, नायिका कोण, विनोदी नट कोण, हे विचारून सौदा पक्का करतात. विनोदी नटाच्या नावावर सौदा ठरल्याची उदाहरणे कमी नाहीत. एकदा हंगाम सुरू झाला की कलाकार दुपारी गाडीत बसतात, रात्रभर उभे राहतात आणि पहाटे परततात. पुन्हा दुपारी दुसरे गाव.

जपायचे काय?

अडचणी आहेत आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. कथेशी संबंध नसलेले उत्तान नाच घुसवून गर्दी खेचण्याची सवय वाढते आहे आणि त्यात चांगल्या संहितेचे नुकसान होते. कलाकारांचे उत्पन्न हंगामापुरते. उरलेले महिने शेती, मजुरी किंवा किरकोळ व्यवसाय. २०२०च्या टाळेबंदीने ही कमाई एका फटक्यात थांबवली, तेव्हा या माणसांच्या पाठीशी कोणतीच सुरक्षितता नाही हे उघडे पडले. रात्रीचे प्रवास, स्त्री-कलाकारांची सोय आणि सुरक्षितता, वृद्ध कलावंतांचे मानधन या प्रश्नांवर शासनाने आणि नाट्यसंस्थांनी हंगामाआधी बोलले पाहिजे. हंगाम संपल्यावर सत्कार करून भागणार नाही.

आणखी एक काम तातडीचे आहे. विनोदी नटांनी उभ्या उभ्या रचलेले प्रवेश कुठेच लिहिलेले नाहीत. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या अभ्यासकाने झाडीबोली आणि तिच्या लोककला ग्रंथरूपात आणण्यासाठी आयुष्य वेचले. त्याच निष्ठेने आता रात्रभराची संपूर्ण नाटके, गाण्यांसह आणि प्रेक्षकांच्या दादेसह, चित्रित करून ठेवायला हवीत. विद्यापीठांचे नाट्यविभाग हे करू शकतात. जुने नट हयात आहेत, गावे उत्साही आहेत, तोवरच हे होईल.

वाचकांना विनंती एवढीच, की या हंगामात वडशाला उतरा, त्या रात्री कुठे नाटक आहे ते विचारा आणि तिकीट काढून पहाटेपर्यंत बसा. झाडीपट्टीने आपले नाटक स्वतःच्या खर्चाने, पाहुण्यांच्या भरवशावर जगवले आहे. पाहुणे वाढले, तर ते आणखी जगेल.