थांबल्यावरची धाप

पाठीवर रबरी कापडाची भलीमोठी पिशवी, नाकाला चिमटा, तोंडात नळी. 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला मँचेस्टरमध्ये प्राध्यापक ए. व्ही. हिल अशा अवतारात गवतावर फेऱ्या मारत. वेग स्थिरावला की तोटी फिरवायची, मोजून काही वेळ उच्छ्वास पिशवीत भरायचा, तोटी बंद. मग त्या हवेचं माप घ्यायचं आणि तिच्यातला थोडा नमुना रासायनिक द्रावणांतून न्यायचा. एक द्रावण कार्बन डायऑक्साइड शोषून घेई, दुसरं ऑक्सिजन. आत गेलेल्या हवेत ऑक्सिजन 21 टक्के, बाहेर आलेल्या हवेत 16-17. मधला फरक शरीराने वापरलेला.

बसल्याजागी माणसाला मिनिटाला पाव लिटर ऑक्सिजन पुरतो. जोरात धावताना हिल यांचा आकडा 4 लिटरच्या आसपास गेला आणि तिथेच अडला. वेग आणखी वाढवला, तरी आकडा ढिम्म हलेना.

धाप लागली की आपण छातीला दोष देतो, पण निरोगी माणसाची फुप्फुसं सहसा कमी पडत नाहीत. उच्छ्वासात एवढा ऑक्सिजन शिल्लक असतो, तो उगाच नाही. खरी मर्यादा प्रामुख्याने हृदयाची, म्हणजे ते मिनिटाला किती रक्त ढकलू शकतं याची.

मग त्या मर्यादेपलीकडचा वेग येतो कुठून? स्नायूंत साठलेल्या क्रिएटिन फॉस्फेटमधून आणि ग्लायकोजेनच्या ऑक्सिजनविना होणाऱ्या विघटनातून. 400 मीटरच्या शर्यतीत निम्म्याहून अधिक ऊर्जा अशी उसनी येते. धावपटू अविनाश साबळे यांच्या 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये (राष्ट्रकुल स्पर्धा, बर्मिंगहॅम, 2022, 8 मिनिटं 11.20 सेकंद, रौप्यपदक) मात्र बहुतांश भार ऑक्सिजनवरच असतो.

थांबल्यावरची धाप ही त्या उसनवारीची फेड, असं हिल म्हणत. ऑक्सिजनविना झालेल्या विघटनातून उरलेल्या लॅक्टिक आम्लाचं पुन्हा ग्लायकोजेन करायला तो जादा ऑक्सिजन लागतो, हा त्यांचा तर्क. कल्पना देखणी होती, अर्धीच बरोबर ठरली. फॉस्फेटचा साठा भरायला आणि रक्तातला ऑक्सिजन पूर्ववत करायला थोडा ऑक्सिजन लागतो खरा. पण तापलेलं शरीर आणि चढलेली संप्रेरकंही तो खातात. आणि त्या आम्लाचा, म्हणजे लॅक्टेटचा, बराचसा भाग हृदय आणि इतर स्नायू इंधन म्हणून चक्क जाळून टाकतात.

जिमवाले ‘आफ्टरबर्न’ म्हणून विकतात ते हेच. थांबल्यानंतरही कॅलरी जळत राहतात, हे खोटं नाही. किती, ते सांगत नाहीत. धावण्याचा खर्च ढोबळमानाने किलोमीटरला दर किलो वजनामागे 1 किलोकॅलरी. वेग वाढवला तरी त्यात फारसा फरक पडत नाही. 60 किलोचा माणूस 10 किलोमीटर धावला की 600. नंतरची भर जोरदार व्यायामातही सहसा 6 ते 15 टक्के. दहा टक्के धरले तर 60 किलोकॅलरी. घरी येऊन दोन चमचे साखरेचा कपभर चहा घेतला, की वसूल.