‘इंडियन गिव्हर’: दिलं आणि परत घेतलं

खेळता खेळता एकाने दुसऱ्याला गोटी दिली, आणि भांडण झाल्यावर ‘दे माझी परत’ म्हणाला, तर आपल्याकडे बाकीची पोरं ‘रडीचा डाव’ म्हणून ओरडतात आणि विषय मिटतो. अमेरिकेतल्या मुलांकडे अशा पोरासाठी खास शब्द होता: ‘इंडियन गिव्हर’. बडोद्याच्या एका ताईंनी मला विचारलं, हा टोमणा आपल्याला उद्देशून आहे का? नाही. यातले ‘इंडियन’ म्हणजे अमेरिकेचे मूळ रहिवासी. कोलंबस चुकला आणि नाव त्यांना चिकटलं.

१८४८ साली जॉन रसेल बार्टलेट यांनी अमेरिकी बोलीचा कोश छापला. न्यूयॉर्क आणि आसपासची मुलं हा शब्द वापरतात, अशी नोंद त्यात आहे. पण त्याआधी ऐंशी-एक वर्षं मॅसॅच्युसेट्सचा इतिहास लिहिणारे थॉमस हचिन्सन ‘इंडियन गिफ्ट’चा अर्थ वेगळा सांगतात: जिच्या बदल्यात तोलामोलाची परतभेट अपेक्षित असते, अशी भेट. दिलेली वस्तूच परत मागणं त्यात नाहीच!

आपल्याला हे समजायला अवघड जाऊ नये. शेजारणीने वाटीभर खीर पाठवली तर आपण वाटी रिकामी परत करतो का? निदान चिमूटभर साखर तरी घालतो. लग्नातला आहेर वहीत लिहून ठेवतात, ते कशासाठी? (हिशेबीपणा म्हणा हवं तर.) तिथल्या अनेक जमातींतही देणं-घेणं हा नातं राखायचाच भाग होता. युरोपातून आलेल्यांनी भेट ठेवून घेतली, परतफेड केली नाही, आणि समोरचा वाट बघू लागला तेव्हा त्यालाच नावं ठेवली. माझ्या मते या टोमण्याचं मूळ तिथे आहे.

आता शब्द कोणी फिरवला ते बघा. १८६८च्या फोर्ट लॅरमी तहात अमेरिकी सरकारने ब्लॅक हिल्सचा डोंगराळ मुलूख लाकोटा आणि त्यांच्या भाऊबंद जमातींसाठी लेखी राखून ठेवला. १८७४ मध्ये तिथे सोनं सापडलं. १८७७ मध्ये कायदा करून सरकारने तो काढून घेतला. शंभरएक वर्षांनी, १९८० साली, तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भरपाई कायम केली: व्याजासह सुमारे साडेदहा कोटी डॉलर. त्या पैशाला या जमातींनी आजवर हात लावलेला नाही. त्यांना डोंगर हवे आहेत.